गोषवाऱ्यातून काढलेलं वाक्य

"अभिनव" हा शब्द आणखी एकदा वाचावा लागला तर मला उलटी होईल, असं मी एकदा भर बैठकीत म्हणाले होते. सगळे हसले. मी गमतीत बोलत नव्हते. त्या आठवड्यात माझ्या टेबलावर नऊ प्रस्ताव येऊन पडले होते आणि नऊच्या नऊ अभिनव होते. त्यातले सहा बहुआयामी होते, चार सर्वसमावेशक होते, आणि एक, जो मुळात गांडुळांविषयी होता, तो परिवर्तनकारी होता. गांडुळांना विचारलं असतं तर त्यांनी हात झटकले असते, पण त्यांना तेही नाहीत.

संशोधनाला अनुदान हवं असेल तर प्रस्ताव लिहावा लागतो. आमचे प्रस्ताव अर्थातच इंग्रजीत असतात. इथे मी ते मराठीतून सांगतेय, पण त्याने काही बिघडत नाही, ओकारी दोन्ही भाषांत सारखीच येते.

मी कीटकशास्त्रज्ञ. पुण्यात एका विश्वस्त मंडळाने चालवलेल्या छोट्याशा संस्थेत माझी तीस वर्षं गेली, त्यातली शेवटची काही विभागप्रमुख म्हणून. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. पण संस्थेत माझी ओळख किड्यांमुळे नाही. माझी ओळख कात्रीमुळे आहे. कोणी प्रस्ताव लिहिला की पहिला सल्ला ठरलेला: "मॅडमकडे द्या, मॅडम छाटून देतील." रसायनवाले येत, मृदावाले येत, एकदा तर हिशेब खात्यातले गृहस्थ आपल्या मुलीच्या परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन आले. मी छाटून दिला. मुलगी शिकायला गेली. तेव्हापासून माझा हात लागला की काम होतं, अशी एक बाष्कळ समजूत संस्थेत पसरली, आणि खरं सांगायचं तर ती मला आवडायची.

थोडक्यात लिहायला मी कुठे शिकले, तर लेबलं लिहिताना. किडा पकडून टाचणीला लावला की त्याच्याखाली एक चिठ्ठी लावायची असते, अंगठ्याच्या नखाएवढी. त्यात गाव, झाड, तारीख आणि पकडणाऱ्याचं नाव बसवायचं. माझे गुरू फार खडूस होते. मी एकदा चिठ्ठीवर "बहुधा बाभूळ" असं लिहिलं, तर त्यांनी ती चिठ्ठी माझ्यासमोर फाडली नाही, उलट म्हणाले, "बहुधा राहू दे. तुला खात्री नव्हती, हे पुढच्याला कळलं पाहिजे." नखाएवढ्या जागेतसुद्धा त्यांनी त्या शब्दाला जागा दिली. ही गोष्ट मी कित्येक कार्यशाळांमध्ये सांगितली आहे. फक्त सांगताना मी शेवट गाळायची. "नखाएवढ्या जागेत सगळं बसवा" एवढंच सांगायची.

हो, मी कार्यशाळा घेत असे. 'प्रभावी प्रस्तावलेखन.' एक वातानुकूलित खोली, प्रत्येकासमोर पाण्याची चिमुकली बाटली, दोन क्रीमची बिस्किटं, आणि भिंतीवर माझ्या स्लाइड्स. पोरं वही उघडून बसलेली. मी त्यांना मंडईतल्या मेथीवालीचं उदाहरण द्यायची. एका संध्याकाळी मंडईत एक बाई मला म्हणाली होती, "कोवळी आहे, आजची आहे, घ्या." तीन तुकडे, एक दावा, एक पुरावा, एक विनंती. वर्गात टाळ्या पडायच्या. प्रत्यक्षात ती बाई पुढे म्हणाली होती, "पण उद्याला राहायची नाही, आज करणार असाल तरच घ्या." आणि मी जुडी घेतली होती ती त्या पुढच्या वाक्यामुळे. ते मी वर्गात कधी सांगितलं नाही. लांबत होतं.

आता तिच्याविषयी. माझ्या विभागात एक बाई होती, माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान, भंडाऱ्याकडची. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात एकच पूजा उरली, अभ्यासाची, असं ती हसत सांगायची. वडील पोस्टात होते. ती आमच्याकडे कंत्राटावर होती, म्हणजे एक प्रकल्प संपला की दुसरा मिळेपर्यंत तिचा जीव टांगणीला. आणि तिचा विषय होता हुमणी.

ज्यांनी हुमणी पाहिली नाही ते भाग्यवान. पांढरी, लठ्ठ, अर्धवर्तुळात वळलेली अळी, तोंड तपकिरी, अंग इतकं पातळ कातड्याचं की पोटातली माती बाहेरून दिसते. ती जमिनीखाली उसाची मुळं खाते. वर ऊस हिरवागार, खाली काही उरलेलं नाही. मी जन्मभर किडे हाताळले, पण हुमणी हातावर घेतली की मला अजून शिसारी येते. तिला यायची नाही. ती अळी तळहातावर घेऊन तिच्याशी बोलायची. "काहून मरत नाही गं तू?" असं.

कारण तिचा प्रश्नच तो होता. एक बुरशी आहे, ती हुमणीच्या अंगावर वाढते आणि तिला मारते. मेलेली अळी कडक होते आणि तिच्यावर हिरवी भुकटी धरते. हलक्या जमिनीत ही बुरशी छान काम करते. मध्यम जमिनीतही करते. काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत मात्र बहुतेक वेळा करत नाही. का, ते कोणालाच माहीत नव्हतं. आठ वर्षं ती त्या एका "का"च्या मागे होती. इतर लोक मेलेल्या अळ्या मोजत, ही न मेलेल्या गोळा करायची. प्रत्येकीची नोंद. कुठल्या वाफ्यातली, किती खोलीवरची, माती किती ओली. तिच्या वह्या पाहून मला माझे गुरू आठवत.

दोन वर्षांपूर्वी तिचा जुना प्रकल्प संपत आला आणि तिने नवा प्रस्ताव लिहिला. तो मंजूर झाला नसता तर तिचं कंत्राट संपलं असतं, आणि तिच्याबरोबर तो प्रश्नही आमच्या संस्थेतून गेला असता. दुसरं कोणी त्याला हात लावणार नव्हतं, मी तर नाहीच. हे तिला माहीत होतं, मलाही होतं.

प्रस्ताव चाळीस पानांचा. त्याच्या डोक्यावर दोनशे शब्दांचा गोषवारा. समितीतले लोक चाळीस पानं वाचत नाहीत, दोनशे शब्द वाचतात, तेसुद्धा विमानतळावर. हे मी उगाच म्हणत नाही, मी स्वतः अशा समित्यांवर बसले आहे. तिचा गोषवारा दोनशे साठ शब्दांचा झाला होता, आणि त्याच्या मधोमध हे वाक्य होतं:

"हलक्या व मध्यम जमिनीत ही बुरशी हुमणीला मारते, काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत ती बहुतेक वेळा मारत नाही, आणि का मारत नाही हे आम्हाला अद्याप माहीत नाही, किंबहुना तेच शोधणे हा या प्रस्तावाचा हेतू आहे."

मी पेन उचललं. ती माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसली होती.

"एवढं लांब वाक्य कोण वाचणार?" मी म्हणाले.

"मॅडम, मुद्दाच तो आहे."

"मुद्दा आत आहे ना? नवव्या पानावर सविस्तर लिहिलायस तू. गोषवाऱ्यात 'माहीत नाही' लिहिलं की समोरचा म्हणतो, मग माहीत झालं की या."

"पण माहीत असतं तर मी पैसे कशाला मागितले असते?"

मी तिला सांगितलं, "अगं, आधी आत शिरू तर दे. एकदा मंजुरी मिळाली की तुला हवं ते कर. इथे सगळे असंच करतात." आणि मी ते वाक्य कापलं. राहिलं ते असं: "ही बुरशी हुमणीला जमिनीतच मारते."

पाच शब्द. एकही खोटा नाही. कापताना मला काय वाटलं ते लिहिलं पाहिजे. मला सुख झालं. चांगल्या सुरीने पिकलेला आंबा चिरताना होतं तसं. मी ते वाक्य तिला दोनदा वाचून दाखवलं. तिने विचारलं, "नवव्या पानावर राहील ना पण?" मी म्हणाले, "राहील की."

प्रस्ताव मंजूर झाला. संस्थेत पेढे वाटले गेले. समितीतले एक गृहस्थ मला नंतर एका परिसंवादात चहाच्या टेबलापाशी भेटले आणि म्हणाले, "तुमच्या त्या हुमणीच्या प्रस्तावाचा गोषवारा! अहो, वाचायला किती बरं वाटलं. नाहीतर लोक 'कदाचित', 'बहुधा', काय काय लिहितात." मी लाजून बिजून हसले. त्या हसण्याची मला आता घाण वाटते.

मंजुरीच्या पत्राला दोन अटी होत्या. पहिली अशी, की सिद्ध झालेलं तंत्र शेतकऱ्यांपर्यंत पोचवणं हा प्रकल्पाचा मुख्य भाग असावा, आणि ऊस जिथे सर्वाधिक आहे अशा भारी काळ्या जमिनीवरच प्रात्यक्षिकं घ्यावीत. दुसरी अट मला तोंडपाठ आहे. "प्रस्तावाच्या अंतर्भागातील काही मजकूर गोषवाऱ्याशी विसंगत आढळतो. तो वगळून सुधारित प्रत पाठवावी." म्हणजे नववं पान.

ती पत्र घेऊन माझ्याकडे आली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. म्हणाली, "मॅडम, आपण त्यांना लिहून कळवू या का? की नववं पान बरोबर आहे आणि गोषवारा अपुरा आहे?"

लिहिता आलं असतं. एका पानाचं पत्र. कदाचित मंजुरी लांबली असती, कदाचित रद्द झाली असती, आणि कदाचित समितीतल्या एखाद्याला लाज वाटून त्याने नीट वाचलंही असतं. पण मंजूर झालेल्या प्रस्तावाबद्दल "आम्ही अपुरं लिहिलं" असं आमच्या धंद्यात कोणी कळवत नाही. संचालकांना ते चाललं नसतं. मला तर मुळीच चाललं नसतं, कारण अपुरं कोणी केलं, हा प्रश्न पुढे आलाच असता. मी म्हणाले, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. तुझं कंत्राट बघ आधी." तिच्या कंत्राटाची काळजी मी पुढे केली आणि माझी अब्रू तिच्यामागे लपवली. नववं पान मी त्याच दुपारी काढलं. पानांचे आकडे बदलले, अनुक्रमणिका सारखी केली, आणि प्रस्ताव आधीपेक्षा सुटसुटीत झाला म्हणून समाधानही मानलं. कोडगेपणाला सीमा असते असं म्हणतात. मला ती काही लागली नाही.

त्या वर्षी मांजरी गावाच्या पुढे तीन-चार शेतांवर प्रात्यक्षिकं घेतली. आता तिथे ऊस आणि इमारती एकमेकांत घुसल्या आहेत. एका बाजूला जलतरण तलाव असलेली सोसायटी, कुंपणाला लागून उसाचा फड, फडाच्या बांधावर सोसायटीचा कचरा. जमीन काळी, पाय रुतेल अशी. शेणखतात बुरशी मिसळून आम्ही सरीत टाकली. फलक लावला. फलकावर माझंच वाक्य होतं, मराठीत. शेताच्या मालकीणबाई साठीच्या, नवरा नव्हता, सगळं त्याच बघत. त्यांनी फलक वाचला आणि विचारलं, "नक्की ना?" मी म्हणाले, "वाचलंत ना?" माझी सहकारीण खाली मान घालून खत मिसळत राहिली.

ऑक्टोबरात बाईंचा फोन आला, की या आणि बघून जा. गेलो. वरून ऊस पिवळा पडलेला. बाईंनी उसाच्या एका बेटाला हात घातला आणि ते अलगद वर उचललं. अख्खं बेट, जमिनीत नुसतं ठेवल्यासारखं. खाली मूळ म्हणून नव्हतं. बाईंनी पायाने माती उकरली आणि हुमण्या दिसल्या. लठ्ठ, पांढऱ्या, धडधाकट. एकीवरही हिरवा ठिपका नाही. त्या वळवळत एकमेकींवर पडत होत्या. मी बांधावर जाऊन उभी राहिले. वास सोसायटीच्या कचऱ्याचा होता की मातीचा, कळेना.

बाई आरडाओरडा करतील असं वाटलं होतं. त्यांनी केला नाही. माझ्या सहकारिणीकडे बघून त्यांनी एकच विचारलं, "बाई, हे असं हुनार हाय हे तुमाला ठाव नव्हतं, का ठाव हुतं आन् सांगितलं न्हाई?"

मी तीस वर्षं शास्त्रज्ञांच्या बैठकांत बसले. इतका नेमका प्रश्न कोणी विचारलेला मला आठवत नाही. ती उत्तर द्यायला तोंड उघडत होती. मी तिच्या आधी बोलले. म्हणाले, "यंदा पाऊस फार झाला हो."

झालाही होता. खोटं काहीच नव्हतं. बाईंनी आभाळाकडे बघितलं, मग बेटाकडे, आणि म्हणाल्या, "व्हय, त्यो तर लईच झाला." पटलं त्यांना. माझं वाक्य नेहमीप्रमाणे पटलं. माझ्या सहकारिणीने तोंड मिटलं, ती खाली बसली आणि खुरप्याने न मेलेल्या अळ्या डबीत भरू लागली, खोली मोजत, ओल बघत. मी तिला म्हणाले, "चल, उशीर होतोय." तिने डबी उपडी केली आणि अळ्या तिथेच मातीत सोडून दिल्या. परत येताना हडपसरच्या वाहतुकीत आम्ही तासभर अडकलो. एकदाच वाटलं, गाडी वळवावी आणि त्या बाईंना खरं सांगावं. वळवली नाही.

मला वाटलं होतं, ती आता माझ्याशी भांडेल. मी वाटच बघत होते म्हणा ना. ती भांडली असती तर मी मान्य केलं असतं, निदान तशी माझी समजूत होती. महिना गेला, दोन महिने गेले. ती वेळेवर यायची, वेळेवर जायची. पुढची प्रात्यक्षिकं तिने हलक्या जमिनीवर हलवली, एका ओळीचं टिपण लिहून परवानगी मिळवली. टिपणात तिने लिहिलं होतं, "अधिक प्रातिनिधिक क्षेत्राच्या निवडीसाठी." मी ते वाचून थबकले. सही मात्र केली.

मग वार्षिक अहवालाची वेळ आली. अहवालावर विभागप्रमुख म्हणून माझी सही लागते. आदल्या रात्री मी ठरवलं होतं की या खेपेला आपण होऊन सांगायचं: काळ्या जमिनीत चाललं नाही असं स्पष्ट लिही, लांब झालं तरी चालेल, संचालकांकडे मी जाते. वाक्य कसं असावं तेही मनात जुळवून ठेवलं होतं. तिचं जुनंच वाक्य, मी कापलेलं.

ती सकाळी अहवाल घेऊन आली. खुर्चीत नीट टेकून बसली. सारांश एका परिच्छेदाचा. "हलक्या व मध्यम जमिनींत परिणाम उत्साहवर्धक आहेत. शेतकऱ्यांचा प्रतिसाद चांगला आहे. विस्ताराची शिफारस करण्यात येते." मी पेन उघडून वाचत गेले. सवयीने एकेक शब्द उचलून बघितला, हा काढला तर चालेल का. एकही निघेना. माझ्याच हाताने लिहिल्यासारखं होतं, आणि ते वाचताना मला जी किळस आली ती हुमणीला हात लावतानाही कधी आली नव्हती.

"आणि काळी जमीन?" मी विचारलं. "तुझं ते 'का'?"

तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं, काहीतरी भलतंच विचारल्यासारखं.

"ते या प्रकल्पात बसत नाही, मॅडम," ती म्हणाली, आणि सही कुठे करायची ते मला बोटाने दाखवलं. मी केली.